चोवीस दिवस कुठे गेले?

एखाद्या महसूल मंडळाची पावसाची नोंद समजा अशी आहे. 27 जुलैला पाऊस झाला, 29 ला झाला, 30 ला झाला. त्यानंतर थेट 24 ऑगस्टला, आणि मग 2 सप्टेंबरला. कार्यालयात संगणक चालवणारा मुलगा या पाच तारखा एक्सेलच्या एका रकान्यात भरतो. सरकारी पत्रावर लिहायची सवय असते तशीच, मध्ये टिंबं देऊन: 27.07.2023. शेजारच्या रकान्यात तो मिलिमीटर भरतो, दोन्ही रकाने निवडून आलेखाचं बटण दाबतो. पडद्यावर पाच निळे खांब उभे राहतात, एकमेकांना खेटून. 29 आणि 30 जुलैच्या खांबांत जेवढं अंतर, तेवढंच 30 जुलै आणि 24 ऑगस्टच्या खांबांत. आढावा बैठकीत हा आलेख भिंतीवर लागतो. पाहणाऱ्याला पाऊस येत राहिलेला दिसतो. मग पुढची स्लाइड येते.

30 जुलै आणि 24 ऑगस्ट यांच्यामध्ये चोवीस दिवस असतात. ते चोवीस दिवस म्हणजे काय, हे हिंगोली जिल्ह्यात सेनगाव नाही तर कळमनुरी तालुक्यातल्या कुठल्याही कोरडवाहू शेतकऱ्याला विचारावं. जूनअखेर पेरलेलं सोयाबीन ऑगस्टच्या सुरुवातीला फुलावर येतं. त्या वेळी पावसाने आठ दिवस ओढ दिली तर पीक तग धरतं. पंधरा दिवस झाले की भर दुपारी पानं मिटू लागतात. तीन आठवडे उलटले की हलक्या रानात फुलांचा सडा पडलेला असतो. पुढे 24 ऑगस्टला आभाळ फाटलं तरी गळालेलं फूल झाडाला परत लागत नाही. घरातला माणूस त्या दिवसांत बांधावर जाऊन उभा राहतो आणि काही न बोलता परततो. कृषी सेवा केंद्राची उधारी, बँकेचं पीक कर्ज, पोरीचं लग्न, सगळ्यांचे हिशेब याच चोवीस दिवसांत मोडतात.

आणि आलेखात त्यांना बोटभरही जागा नाही. ज्या काळात घर खचलं तो काळ कागदावर घडलाच नाही.

याला संगणकाची चूक म्हणायला मी तयार नाही. संगणकाला टिंबांची तारीख ही तारीख म्हणून कळली नाही, त्याने ती निव्वळ अक्षरं समजून ओळीने मांडली, एवढंच त्याच्याकडून झालं. बैठकीत बसलेल्या एकाही शिकलेल्या माणसाने मान वर करून "या दोन खांबांमध्ये किती दिवस आहेत?" असं विचारलं नाही, हा अपराध माणसांचा आहे. तो रोज होतो, आणि करणाऱ्यांत अडाणी कोणी नाही. पदवीधर आहेत, स्पर्धा परीक्षा दिलेले आहेत, शेतकऱ्यांच्या पोटी जन्मलेले आहेत.

2023 चा ऑगस्ट आठवा. 1901 पासून देशात पावसाची जी सलग नोंद आहे, तिच्यातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशभराची तूट 36 टक्के होती. मराठवाडा होरपळला. त्याच खरिपात महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता. विम्यात मध्य हंगामातल्या प्रतिकूल परिस्थितीचा निकष होता. पावसात तीन आठवड्यांहून मोठा खंड पडला आणि अपेक्षित उत्पादन उंबरठा उत्पन्नाच्या निम्म्याहून खाली जाईल असं पाहणीत दिसलं, तर संभाव्य भरपाईच्या 25 टक्के रक्कम आगाऊ मिळण्याची तरतूद होती. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पैसा पडणार की नाही, हे कशावर ठरत होतं? दोन तारखांमधल्या अंतरावर. किती मिलिमीटर पडला हा प्रश्न मागचा, किती दिवस पडला नाही हा पहिला. आणि आपण जे आलेख काढत होतो ते पडलेल्या पावसाचे होते. न पडलेल्या पावसाचा आलेख काढायचा असतो हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि आपणही शिकायला गेलो नाही.

2025 च्या खरिपापासून राज्याने ही योजना बदलली. एक रुपया गेला, मध्य हंगामाचा तो निकषही गेला, आता भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर. निकष गेला म्हणून खंड पडायचा थांबत नाही. उलट, विम्याचा निकष त्या कोरड्या दिवसांची दखल घेत नसताना त्यांची साक्ष उरते ती नोंदीत आणि आलेखात. ती साक्ष तरी खरी ठेवा, एवढी मागणी जास्त आहे का?

आता हे घडतं कसं ते नीट समजून घ्यावं. जे समजून घेतलं नाही त्याचा जाब विचारता येत नाही, म्हणून हा तपशील कंटाळवाणा वाटला तरी वाचकांनी सोडू नये.

एक्सेलच्या पोटात तारीख नावाची वस्तू नसते, असतो तो आकडा. 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरून तिथून दिवस मोजलेले असतात. 15 ऑगस्ट 2023 म्हणजे त्याच्या लेखी 45153. आलेखाखाली कधी कधी तारखांऐवजी असे पंचेचाळीस हजारांचे आकडे उमटतात ते यामुळेच. आकड्याला तारखेचा पेहराव चढवायचा राहिलेला असतो. तारीख खरी असेल तर ती रकान्यात उजवीकडे सरकून बसते, अक्षरं असतील तर डावीकडे. एवढी एक खूण ओळखली तरी निम्मं काम होतं. खऱ्या तारखा दिल्या की आडव्या अक्षाला तारखेचा अक्ष करता येतो, आणि मग प्रत्येक दिवसाला सारखी जागा मिळते, त्या दिवशी काही घडो वा न घडो. चोवीस कोरडे दिवस चोवीस दिवसांएवढेच रिकामे दिसतात. तोच अक्ष मजकुराचा ठेवला की रकान्यात जे लिहिलंय तेवढंच ओळीने लागतं, मधलं सगळं मिटतं. हा बदल करायचा पर्याय अक्षावर दोनदा टिचकी मारली की समोर येतो. अडाण्यालाही दाखवला तर जमेल इतकं सोपं ते काम आहे.

यात आणखी एक खोट आहे आणि ती जास्त घातकी आहे. संगणक अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असला तर तो महिना आधी आणि दिवस नंतर वाचतो. आपण 1/8/2023 लिहिलं, त्याने 8 जानेवारी वाचली. 2/8 म्हणजे 8 फेब्रुवारी, 3/8 म्हणजे 8 मार्च. ऑगस्टच्या पहिल्या बारा दिवसांचा पाऊस वर्षाच्या बारा महिन्यांवर उधळला जातो, प्रत्येक महिन्याच्या आठ तारखेला. जागेवर राहते ती फक्त 8 ऑगस्ट. तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी तेरावा महिना नसल्यामुळे अक्षरं होऊन डावीकडे पडून राहतात. अशा आलेखात भर एप्रिलात पाऊस दिसतो आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा जवळपास कोरडा दिसतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी मृगाची वाट पाहिली आहे त्याला हा आलेख क्षणभर पाहिला तरी खटकेल. पण तो माणूस त्या बैठकीत नसतो. त्याला बोलावण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

शून्य आणि रिकामा चौकोन यांच्यातला फरकही असाच. पाऊस पडला नाही म्हणून शून्य, आणि यंत्र बंद होतं म्हणून नोंदच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र दोन दिवस बंद पडलं आणि त्याच दोन दिवसांत ढगफुटी झाली, तर रिकाम्या चौकोनात शून्य भरणारा हात गावाविरुद्ध खोटी साक्ष देतो. रिकाम्या जागी काय दाखवायचं, हे एक्सेल विचारतं: मोकळी जागा सोडू, शून्य धरू, की दोन बिंदू रेघेने जोडून टाकू? आपण उत्तर देत नाही. जे आपोआप निवडलेलं असतं तेच पुढे जातं.

पावसाच्या तारखेचं आणखी एक बारीक गणित आहे, आणि ते तर संगणकाच्या आधीचं आहे. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आदल्या सकाळी साडेआठपासून आजच्या सकाळी साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहिलं जातं. 2024 साली पोळा 2 सप्टेंबरला होता. 1 तारखेच्या रविवारी आणि त्या रात्री हिंगोली, परभणी, नांदेडकडे पावसाने कहर केला. त्या रात्रीचा पाऊस वहीत चढतो तो पोळ्याच्या तारखेने. शेतकरी म्हणतो माझी जमीन एकला खरवडून गेली, कागद म्हणतो पाऊस दोनला. नुकसानीची खबर 72 तासांत द्यायची असा नियम ज्या काळात लागू होता, त्या काळात या एका दिवसाच्या फरकाने माणूस खोटा ठरू शकत होता. दोघेही खरं बोलत असतात. हा साडेआठचा नियम आलेखाखाली एका ओळीत लिहायला काय लागतं? शाई लागत नाही, पैसा लागत नाही. समोरच्या माणसाला आपण उत्तर देणं लागतो ही जाणीव लागते, आणि आपल्या सार्वजनिक जीवनात तुटवडा आहे तो नेमका तिचा.

हिंगोली जिल्ह्यात तारखेचं मोल काय, हे जमीन स्वतःच सांगते. 21 मार्च 2024 ला सकाळी सहा वाजून गेल्यावर जिल्हा हादरला, धक्का 4.5 तीव्रतेचा. दहा-बारा मिनिटांत दुसरा, 3.6 चा. त्यानंतर 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5 चा. हे तीन धक्के मजकुराच्या अक्षावर मांडून पाहा. पहिल्या दोघांमधली दहा-बारा मिनिटं आणि पुढच्या दोघांमधले 111 दिवस, दोन्ही सारखेच दिसतात. वाटतं की धरणी ठरावीक तालात हलते आहे. तारखेच्या अक्षावर मांडले तर दुसरीच अडचण: एक्सेलच्या तारखेच्या अक्षाचं सर्वांत लहान माप एक दिवस आहे, त्यामुळे सकाळचे दोन्ही धक्के एकाच तारखेवर येतात आणि त्यांच्यातली मिनिटं नाहीशी होतात. तिथे बिंदूंचा विखुरलेला आलेखच हवा, ज्यात वेळही धरली जाते. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरातली माणसं वर्षानुवर्षं जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल सांगत आली आहेत. हादरे वाढताहेत की विरताहेत, हे त्यांना कळायला हवं. रात्री लेकरांना आत निजवायचं की अंगणात, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांच्यासमोर चुकीचा आलेख ठेवणं म्हणजे त्यांच्या भीतीशी खेळणं.

आणि याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरींचा पहिला वेध अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 ला घेतला. लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला लहर आधी जाणवली, तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डच्या यंत्राला सुमारे 7 सहस्रांश सेकंदांनी नंतर. ती लहर आकाशाच्या कुठल्या पट्ट्यातून आली याचा अंदाज त्या 7 सहस्रांश सेकंदांवरून बांधता आला. वेळेतलं अंतर हीच तिथली सगळी विद्या. ज्या तालुक्याच्या मातीत सेकंदाचा हजारावा भाग जपला जाणार आहे, त्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याचे चोवीस दिवस आपण निर्विकारपणे पुसतो. विज्ञान आलं म्हणजे वैज्ञानिक वृत्ती आली असं होत नाही. ती आणावी लागते, आणि ती प्रथम गरिबाच्या नोंदीत आणावी लागते.

कागदावरच्या तारखेने शेतकरी बुडतो ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर ओढले आणि जाळले. माणसांपेक्षा कागदांवर त्यांचा राग जास्त होता, कारण त्या कागदांवर काय आणि कधीचं लिहिलंय हे त्यांना वाचता येत नव्हतं. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केलं, त्यात कचेरीतल्या लेखणीने निरक्षर कुणबी कसा नागवला जातो हे त्यांनी उघडं केलं. सुप्याच्या दंग्यानंतर 1879 साली इंग्रज सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यात न्यायाधीशाला व्यवहाराचा इतिहास अगदी सुरुवातीपासून तपासण्याचा अधिकार दिला. कर्ज कधी घेतलं, किती फेडलं, रोखा कधी नवा केला, सगळं तारीखवार. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती, तिला त्या कायद्याचा लाभ नव्हता. इथल्या जुन्या दप्तरांवर फसली सन आहे आणि उर्दू-फारसी लिपी आहे. 1900 च्या आधीच्या तारखा एक्सेल तारखा म्हणून घेतच नाही. निजामाच्या काळातली त्याआधीची नोंद तिथे अक्षरं होऊन पडते. लिब्रेऑफिस त्या घेतं आणि ते फुकट मिळतं, तरी जुन्या नोंदी शोधणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

एक्सेलमध्ये 29 फेब्रुवारी 1900 हा दिवसही आहे, जो जगात कधी उगवलाच नाही. 1900 हे लीप वर्ष नव्हतं. लोटस 1-2-3 नावाच्या आधीच्या सॉफ्टवेअरमधली ती चूक होती. जुन्या फाईली जुळाव्यात म्हणून ती जाणूनबुजून पुढे चालू ठेवली गेली आणि आजही चालू आहे. कोणाचं फारसं बिघडलं नाही, कारण 1900 च्या त्या आठवड्यांचा हिशेब आज कोणाला लागत नाही. पण एकदा मान्य केलेली खोटी नोंद किती पिढ्या टिकते, ते इथे दिसतं.

जगात इतरत्र असं घडत नाही असं नाही. मे 2020 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याने सर्वाधिक रुग्ण असलेल्या पाच काउंटींचा आलेख प्रसिद्ध केला. खांब डावीकडून उजवीकडे सुरेख उतरत गेलेले. कोरोना ओसरतोय असं वाटावं. लोकांनी खालच्या तारखा वाचल्या तेव्हा कळलं की त्या क्रमाने नव्हत्याच, एप्रिलअखेरच्या तारखा मे महिन्याच्या तारखांत मिसळलेल्या होत्या. खांब उंचीप्रमाणे लावले होते, दिवसांप्रमाणे नव्हे. बोभाटा झाला, आलेख मागे घेतला गेला, गव्हर्नरच्या कार्यालयातून जाहीर दिलगिरी आली. तिथे चूक झाली, आणि तिथे नागरिकांनी अक्षाखालची बारीक अक्षरं वाचली. आपल्याकडे चूक होते आणि आपण टाळ्या वाजवतो. फरक आहे तो वाचणाऱ्यांचा. त्याच वर्षी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही जनुकांची नावं बदलली, कारण एक्सेल ती नावं तारखा समजून बदलून टाकत होतं आणि शोधनिबंध नासत होते. शास्त्रज्ञांकडे समिती होती, त्यांनी नावं बदलली. सेनगावच्या शेतकऱ्याने काय बदलावं? पाऊस?

आता मोंढ्याकडे या. हिंगोलीचं संत नामदेव मार्केट यार्ड आणि वसमतचा बाजार, ही मराठवाड्यातल्या हळदीची मोठी ठिकाणं. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हळद संशोधन केंद्रही वसमतलाच. हळद हे धीराचं पीक. मे-जूनमध्ये बेणं लावायचं, जानेवारीपासून पुढे काढायचं, शिजवायचं, वाळवायचं, पॉलिश करायचं, आणि मग विकायचं की घरात ठेवायचं यावर वर्षभराची कमाई अवलंबून. हा निर्णय आज हजारो कुटुंबं मोबाईलवर आलेल्या भावाच्या आलेखावरून घेतात. त्या आलेखांकडे नीट पाहा. कित्येकांना खाली तारखाच नसतात. असतात त्यांत बाजार बंद असलेले दिवस गिळलेले असतात, मार्चअखेरचे, सणावाराचे. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. बंद दिवस वगळून फक्त सौद्यांचे दिवस ओळीने मांडणं ही बाजारातली जुनी रीत आहे आणि ती लबाडी नाही, पण तसं केल्याचं लिहिलं पाहिजे. लबाडी सुरू होते ती क्रमात. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या यादीत बहुधा ताजी तारीख सगळ्यांत वर असते. मजकुराच्या अक्षावर ती सगळ्यांत डावीकडे जाते, काळ उलटा वाहू लागतो, आणि चढता भाव उतरता दिसतो. ज्याला लग्नासाठी पैसा हवा आहे तो माणूस हे चित्र पाहून घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी पोती गाडीत घालतो. हे चित्र पुढे पाठवणाऱ्याने काही लुटलं नाही असं त्याला वाटतं. एका बोटाने पुढे ढकलताना त्याने खालची तारीख वाचली नाही, हीच ती लूट.

दोष द्यायचा तर कोणाला द्यावा, हेही बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे दोष नेहमी खाली ओतला जातो. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक मानधनासाठी आंदोलनं करत आला आहे, त्याच्यावर एका दिवसात दहा याद्यांचा भार असतो. कृषी सहायक उन्हातान्हात गावं फिरतो आणि रात्री आकडे भरतो. माझा रोख त्यांच्यावर नाही. माझा रोख आहे तो "आलेख जरा छान दिसू द्या" असं सांगणाऱ्या वरिष्ठांवर, तारखा तिरक्या होऊन गर्दी करतात म्हणून त्या काढूनच टाका म्हणणाऱ्यांवर. गर्दी होते तर अक्षाचं माप सात दिवसांचं करा, महिन्याचं करा. खुणा विरळ होतील, दिवस मात्र शाबूत राहतील. माझा रोख आहे तो ते चित्र जसंच्या तसं छापणाऱ्या वर्तमानपत्रांवर, ज्यांचा प्रत्येक अंक स्वतः तारखेशिवाय निघत नाही. आणि माझा रोख आहे आम्हा मास्तरांवर, प्राध्यापकांवर. 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र घराघरात पोहोचलं, सरकारी नोकरीच्या अटींत आलं. खेड्यातल्या मुलींच्या हाती माऊस आला, ही मोठी गोष्ट झाली. पण आपण त्या ज्ञानाचं काय केलं? प्रमाणपत्र फाईलला लावलं. आलेख काढता येणं आणि आलेखाला प्रश्न विचारता येणं यातलं पहिलंच आपण मुलांना दिलं, कारण परीक्षेत तेवढंच विचारलं जातं. विल्यम प्लेफेअरने 1786 साली व्यापाराच्या आकड्यांखाली वर्षं ओळीने मांडली तेव्हा त्यातलं सगळं मर्म एका नियमात होतं: सारख्या काळाला सारखी लांबी. दोनशे चाळीस वर्षं झाली. हा नियम आपल्या किती महाविद्यालयांत फळ्यावर लिहिला जातो?

हे पाऊस आणि हळदीपुरतं नाही. 2011 च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या 11,77,345 होती. 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्यानंतर निघणाऱ्या आलेखांत 2001, 2011 आणि 2027 हे तीन खांब सारख्या अंतरावर उभे केले जातील, अशी मला धास्ती आहे. दहा वर्षांची वाढ आणि सोळा वर्षांची वाढ शेजारी शेजारी उभी राहील, त्यावरून कोणत्या समाजाची संख्या किती वेगाने वाढली याची भाषणं ठोकली जातील, आणि गावोगाव विष पेरलं जाईल. अक्षावरची सहा वर्षं कोणी गिळली हे विचारायला त्या सभेत कोणी नसेल. 1999 च्या आधीचे आकडे हिंगोलीचे म्हणून दाखवले जातील तेव्हाही तेच. हा जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला, त्याआधीचा कुठलाही आकडा मुळात परभणीच्या वहीतला.

आपल्या समाजाला दुसऱ्याच्या काळाची किंमत नाही. ताटकळणाऱ्याचा दिवस आपण दिवस मानत नाही. पंचनाम्याची वाट पाहणारा, निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणारी विधवा, कापूस विकून महिनोन्महिने पैशाची वाट पाहणारा, यांचा काळ आपल्या लेखी घडणाऱ्या दोन घटनांमधली रिकामी जागा असते. मुहूर्त मात्र आपण घटिका-पळांत मोजतो. लग्नाची वेळ टळू नये म्हणून धावपळ करणारा माणूस अर्जावर आवक तारीख न टाकता तो गठ्ठ्यात सारतो, आणि त्याला त्यात अधर्म दिसत नाही. एक्सेलने फक्त आपल्या या जुन्या वृत्तीला चकचकीत रूप दिलं आहे.

म्हणून काम तरुणांनी हाती घ्यावं, आणि ते याच पावसाळ्यापासून घ्यावं. आलेखाचं चित्र मागू नका, त्यामागची फाईल मागा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क दिलेला आहे, कलम 2 मधल्या व्याख्येतच तो आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. छापील कागद हातात ठेवला तर नम्रपणे परत द्या आणि फाईलच हवी असं सांगा. अर्जात जनमाहिती अधिकाऱ्यांना एवढंच लिहा: आमच्या महसूल मंडळाची 1 जून ते 30 सप्टेंबर या काळातली रोजची पावसाची नोंद, पाऊस शून्य असलेले दिवस आणि नोंद न झालेले दिवस वेगवेगळे दाखवून, प्रत्येक दिवसाची स्वतंत्र ओळ ठेवून, स्प्रेडशीटच्या स्वरूपात मिळावी. फाईल आली की आधी तारखा उजवीकडे बसल्या आहेत का ते पाहा. मग ओळी मोजा. 122 भरल्या पाहिजेत.